आत्याच्या देव्हाऱ्यातला घोडेस्वार

मला नाण्यांतलं कळतं, हे आमच्या गावानं कबूल केलं ते चिंचेच्या एका वाटीमुळे. त्याआधी वर्षभर गाव मला हसत होतं आणि मी गावावर चिडत होते. हसणारे पुष्कळ आणि चिडणारी मी एकटी, त्यामुळे रक्त माझंच आटायचं.

आमचं गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावच्या अंगाला. तिथं बायकांची एक सहकारी दूध संस्था होती आणि मी तिची टेस्टर होते. टेस्टर म्हणजे दुधातली फॅट काढणारी. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, मोजून ॲसिड घालायचं, नळी यंत्रात गरगर फिरवायची आणि मग भिंगातून बारीक रेघा वाचून सांगायचं की म्हैस खरं बोलतेय की म्हशीची मालकीण. सांगताना भीडभाड ठेवायची नाही, हा माझा नेम. त्यामुळे गावात मला मान होता, पण माया जरा बेताचीच होती.

मग दुष्काळ पडला. दुधाचे कॅन अर्धे आले, मग पाव. जनावरं छावणीत गेली आणि बायका त्यांच्यामागं छावणीत गेल्या. सकाळी नऊला माझं काम संपायचं. हातात भिंग, नजर बारीक रेघा वाचायला सरावलेली, आणि वाचायला काही नाही. अशा रिकामपणी माणूस पोथी वाचतं, भांडणं उकरून काढतं, नाही तर माझ्यासारखं भलत्याच नादाला लागतं.

नाद लागला केजच्या कल्हईवाल्या चाचांच्या दुकानात. संस्थेचे कॅन आणि मापं डागून घ्यायला मी जीपनं त्यांच्याकडं जायची. त्या वर्षी त्यांच्याकडं तांब्या-पितळेची मोड नुसती साचली होती. विहिरी आटल्या, टँकरचं पाणी प्लास्टिकच्या ड्रमात, मग तांब्याच्या घागरी ठेवून काय करायचं, असं म्हणत बायका घागरी, बंब, पराती मोडीत घालत होत्या. कधीकाळी कुणीतरी हौसेनं घागरीच्या तळाशी टाकलेली जुनी नाणीही त्यांच्यासोबत यायची. चाचा ती वेगळी काढून एका फुटक्या तपेल्यात ठेवायचे.

"इनकू मैं नै गलाता, बेटी," ते म्हणायचे. "किसी ना किसी बादशा का नाम है ना उसपे. हातच नै उठता."

त्यांनी गाळली नाहीत म्हणून मला मिळाली. मी घरची मोड न्यायची आणि तेवढ्याच वजनाची नाणी घेऊन यायची. घरातली दोन झाकणं आणि एक पळी अशीच गेली. माझ्या मालकांनी पळीची चौकशी केली, तेव्हा मी त्यांच्या मामेभावाच्या वागण्याचा विषय काढला आणि पळी मागं पडली.

तपेल्यातली बहुतेक नाणी निजामाची असायची, चारमिनारवाली. ती आमच्याकडं शेंबडं पोरही ओळखतं. पण एकदा हत्ती निघाला. शिशाचं जडशीळ नाणं, त्यावर सोंड वर केलेला हत्ती. शाळेत सातवाहन म्हणजे पाठ करून विसरायचा धडा होता. इथं त्यांचा हत्ती माझ्या तळहातावर उभा राहिला, आणि त्या दिवशी मी केजहून परत येताना जीपमध्ये कुणाशीच भांडले नाही.

नाणं कसं ओळखायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मीच ठरवलं की आधी काही ओळखायचंच नाही. फॅटच्या वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीनं फक्त दिसतं तेवढं काढायचं. वाकडी रेघ दिसली तर वाकडी रेघ. तिला सोंड म्हणायचं नाही की तलवार म्हणायचं नाही. तीन सकाळी काढल्यावर चौथ्या सकाळी ती रेघ आपण होऊन बोलायला लागते. नळीतल्या फॅटचंही असंच असतं. जो आकडा आधी मनात धरून बघतो, त्याला तोच दिसतो.

अशाच एका सकाळी तपेल्यातलं एक बारकं नाणं बोललं. शर्टाच्या गुंडीपेक्षा थोडं मोठं, जाड, हिरवट काळं. एका बाजूला नुसती पापुद्र्याची खपली. दुसऱ्या बाजूला आधी दिसला एक उभा माणूस. मग त्याच्या हातातला भाला. मग एक घोडा, पण तो धावत नव्हता, त्याचे पुढचे गुडघे मोडलेले होते. घोड्यावरचा माणूस मागं वळून हात वर करत होता. आणि कडेनं अक्षरं होती, इंग्रजी एफ, ई, एल. मी मॅट्रिक आहे, अक्षरं मला येतात. पण इंग्रज साहेबाच्या कुठल्याच पैशावर असली मारामारी मी बघितली नव्हती.

पुढची अक्षरं खपलीखाली होती आणि मला धीर नव्हता. माझ्या स्वभावातली ही खोट मी लपवत नाही. पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडात पाणी नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात घोकून घेतलं होतं. ॲसिडात नाणं टाकायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी फॅटच्या ॲसिडचं पातळ पाणी केलं आणि नाणं त्यात सोडलं. पाणी हिरवंगार झालं. बाहेर काढलं तेव्हा हातात एक लालसर, खड्ड्या-खड्ड्यांची चकती होती. माणूस गेला, भाला गेला, घोडा गेला. मी टेस्टरच्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. दूध घालायला आलेल्या बायकांना वाटलं, कॅन नासला.

उरलं होतं फक्त वहीतलं चित्र. वर्तमानपत्रात जुन्या नाण्यांवर लिहिणाऱ्या शहरातल्या एका अभ्यासकांना मी ते टपालानं पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, सोबत छापील चित्रांचं एक पान. पान उघडलं आणि मी वही शेजारी धरली. पानावर माझाच माणूस होता, माझाच भाला, माझाच गुडघे मोडलेला घोडा. ते रोमच्या बादशहाचं ब्राँझचं नाणं होतं, सोळाशे वर्षांपूर्वीचं. चित्राखाली लिहिलं होतं की दुसऱ्या बाजूला बादशहाचं डोकं असतं, उजवीकडं बघणारं, कपाळावर मोत्यांची पट्टी, आणि पट्टीची दोन सुटी टोकं मानेवर. घोडेस्वाराभोवतीच्या अक्षरांचा अर्थ होता: चांगला काळ परत आला. बाहेर टँकरच्या रांगेत घागरींची आदळआपट चालली होती, आणि हे वाचून मला एकटीलाच हसू फुटलं.

पण पत्राचा शेवट वाचला आणि हसू विरलं. असली नाणी बहुतेक दक्षिणेकडं सापडतात, मराठवाड्यातल्या खेड्यात ती फारशी ऐकिवात नाहीत, असं त्यांनी लिहिलं होतं. नाणं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काही म्हणता येणार नाही. उत्साहाच्या भरात एखाद्या पुस्तकातलं चित्र उतरवलं गेलं असल्याची शक्यता नाकारता येत नाही. पुस्तकातलं! आमच्या गावात तेव्हा पंचांग सोडलं तर पुस्तक कुठं होतं? मी त्यांना उलट पत्र लिहायला घेतलं, चार ओळी लिहिल्या आणि फाडलं. दाखवायला नाणंच नव्हतं, तर लिहून काय करणार होते?

पत्र पोस्टमननं सेवा सोसायटीच्या ऑफिसात दिलं होतं आणि तिथल्या चेअरमननं ते माझ्याआधी वाचलं होतं. हे चेअरमन नात्यानं माझे दीर लागतात. माणूस मनानं वाईट नाही, पण एखादी गोष्ट हातात आली की ती आठवडाभर चघळतो. चावडीवरून जाताना त्यांची हाक ठरलेली असायची.

"काय वहिनी, रोमच्या म्हशीला किती फॅट लागती?"

"मापात पाणी नसलं की भरपूर लागते, भाऊजी," मी म्हणायची. पण ते मनाला लागायचं. लई लागायचं. मी खोटी नव्हते आणि हे मला एकटीलाच माहीत होतं, त्यासारखं दुसरं दुःख नाही.

असं वर्ष गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात चेअरमनच्या मुलाचं लग्न निघालं. दुष्काळात कसलं लग्न, असं कुणी म्हणालं की ते म्हणायचे, "मंग काय पाऊस पडस्तोर पोरं बिनलग्नाची ठिवायची?" आमच्याकडं लग्नाआधी घरचे देव उजळतात. पाच सवाष्णींनी देव्हाऱ्यातले टाक, मूर्ती सगळं खाली पाटावर घ्यायचं, चिंचेनं घासायचं, आणि मग सोनाराकडून चमकवून आणायचं. फारच झिजलेला देव असेल तर तो मोडून त्याच धातूत नवी भर घालून नवा घडवतात. जुना देव नव्यात उतरतो, असं मानतात. त्या पाच सवाष्णींत एक मी होते.

चेअरमनची आई, जिला सगळं गाव आत्या म्हणतं, ती देव एकेक करून आमच्या हातात देत होती. आत्या आमच्या दूध संस्थेची पहिली सभासद. नोंदणीच्या कागदावर पहिला अंगठा तिचा. बोलायला माझ्यापेक्षा दोन पावलं पुढंच, त्यामुळे आमचं दोघींचं बरं जमायचं. देवीचा टाक झाला, बाळकृष्ण झाला. मग तिनं दोन्ही हातांनी धरून एक बारकी काळी चकती माझ्या हातात ठेवली. खाली तांब्याची बैठक, तिच्यावर लाखेनं बसवलेली.

"हा आमचा खंडोबा," ती म्हणाली. "सासऱ्याला नांगरटीत घावलेला. सपनात येऊन बसला म्हणलेवते."

मी वाटीतला चिंचेचा गोळा उचलला. चकतीवर तेल आणि भंडाऱ्याचा इतका जाड थर बसला होता की देव चाचपूनच ओळखायचा. चेअरमन दारातून म्हणाले, "त्याला लई घासू नका, वहिनी. तो कुठला राह्यलाय आता! सोनाराला सांगितलंय मी, मोडा म्हणून. चांदीत नवा घडवायचा, ठसठशीत." पण आत्याची नजर माझ्या हातावरून हलेना.

मी अंगठ्यानं भंडारा थोडा बाजूला सारला. घोडा दिसला. घोड्याचे पुढचे गुडघे मोडलेले होते.

चिंचेचा गोळा माझ्या हातातून पाटावर पडला. एक नाणं मी ॲसिडात घालवलं होतं. आता तसलंच दुसरं माझ्या डाव्या हातात होतं आणि उजव्या हाताची बोटं चिंचेनं बरबटलेली होती. मी उठून आधी हात धुतले, दोनदा धुतले, आणि मग म्हणाले, "हा देव मी घासणार नाही. कुणालाही घासू देणार नाही. आणि मोडायचा तर अजिबात नाही."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. चेअरमन आत आले.

"कावून?"

"कारण हे रोमचं नाणं आहे, भाऊजी."

घरात हशा पिकला. लग्नघर होतं, हसायला माणसं भरपूर होती. चेअरमनला तर घास तोंडात मिळाला. "ऐकलं का," ते म्हणाले, "दूध संस्थेतनं रोम आता आमच्या देव्हाऱ्यात आलं!" मग त्यांचा आवाज जरा कडक झाला. "वहिनी, चेष्टा चावडीवर ठीक हाय. हा घरचा देव हाय."

माझा पारा चढला. चढला की मला पुढचं-मागचं दिसत नाही. "चेष्टा तुम्ही केलीत, वर्षभर केलीत," मी म्हणाले. "आता माझं ऐका. हा लाखेवर बसवलाय. खालची बाजू कुणी बघितलीय?"

आत्या म्हणाली, "कुणीच न्हाई. सासऱ्यानं बसवला तवापासून असाच हाय. मी आले तवा असाच व्हता."

"मग मी न बघता सांगते. खाली एका माणसाचं डोकं आहे. उजवीकडं बघणारं. कपाळावर मोत्यांची पट्टी, आणि पट्टीची दोन टोकं मागं मानेवर सोडलेली. दाढी नाही. कडेनं इंग्रजी अक्षरं."

हसणं थांबलं. चेअरमननं मिशी चोळली. "आन् नसलं तर?"

"नसलं तर माझ्या डब्यातली सगळी नाणी चाचांच्या भट्टीत घाला. हत्तीसकट. भिंगाला परत हात लावणार नाही."

"फॅटच्या बी?" मागून कुणीतरी आशेनं विचारलं.

"फॅटच्याही. पण असलं, तर हा देव मोडायचा नाही आणि घासायचा नाही."

बोलून गेले आणि मग लक्षात आलं की देवाला त्याच्या बैठकीवरून उठवायचं म्हणजे काय. ते माझ्या हातात नव्हतं, चेअरमनच्याही नव्हतं. आम्ही सगळे आत्याकडं बघत राहिलो. तिनं नव्या खणाचा तुकडा घेतला, चकती त्यात गुंडाळली आणि पदराखाली धरली.

"देवाच्या खाली काय हाय ते देवाला म्हाईतच हाय," ती म्हणाली. "आपल्यालाच न्हाई. " मग लेकाला म्हणाली, "जीप काढ."

जीप केजला, चाचांच्या दुकानाकडं निघाली. चेअरमन पुढं, आम्ही दोघी मागं. मला सारखं वाटत होतं, पट्टी साधी निघाली तर? काही नाण्यांवर मोत्यांऐवजी दुसरीच पट्टी असते, हे त्या छापील पानावर मी वाचलं होतं आणि रागाच्या भरात विसरले होते. माझ्या डब्यातला हत्ती मला डोळ्यांपुढं दिसायला लागला, वितळताना.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून हात-पाय धुतले, डोक्याला रुमाल बांधला, चपला बाहेर काढून ठेवल्या. परातीत राख पसरून खाली दोन निखारे सारले आणि आत्याला म्हणाले, "माँजी, तुमची इजाजत असंल तर. चिमटा नै लावणार. लाख नरम हुई की तुमीच उचला."

परात कोमट झाली. लाखेचा वास सुटला. चाचांनी बोटानं बैठकीला हात लावून बघितलं आणि मान हलवली. आत्यानं पुटपुटत नमस्कार केला, दोन बोटांनी चकतीची कड धरली आणि उचलली. लाखेची तार आली, तुटली. चाचांनी मऊ फडक्यानं उरलेली लाख पुसून घेतली, अगदी तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तशी, आणि चकती उलटी करून आत्याच्या तळहातावर ठेवली.

लाखेनं त्याला इतकी वर्षं सांभाळलं होतं. हवा नाही, पाणी नाही, चिंच नाही. एक तरणा, सरळ नाकाचा माणूस उजवीकडं बघत होता. कपाळावर पट्टी होती. मी भिंग लावलं. पट्टीवर मोती होते. एकेक मोजता यावा असे. मागं मानेवर दोन टोकं सुटली होती, आणि दाढी नव्हती.

मी ओरडलेच. चाचांच्या दुकानात, भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर मी "आहे! आहे!" म्हणून ओरडले आणि शेजारच्या फळवाल्याला वाटलं काही चोरीला गेलं. मला नाचावंसं वाटत होतं. पुस्तकातलं चित्र उतरवलं म्हणणाऱ्या त्या अभ्यासकांना, वर्षभर हसणाऱ्या गावाला, मला स्वतःला, सगळ्यांना मला ते तोंड दाखवायचं होतं. चेअरमननं माझ्या हातातून भिंग घेतलं आणि बराच वेळ डोळा लावला.

"च्यायला," ते म्हणाले, "मोती बी हायेत." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वहिनी, हारलो."

पण त्यांचं चेअरमनपण लगेच जागं झालं. "म्हंजी आई, हा देव न्हाईच. पैसा हाय. परदेशी राजाचा पैसा. मंग देव्हाऱ्यात कावून ठिवायचा? देऊन टाकू म्युझियमला, आन् चांदीचा नवा घिऊ."

मी आत्याकडं बघितलं आणि माझा सगळा आनंद खर्रकन उतरला. ती खणाच्या तुकड्याची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. मी नाणं वाचवायला निघाले होते आणि तिचा देव घालवून बसले होते. एक ॲसिडात घालवलं, दुसरं भिंगात.

"पोरी," ती म्हणाली, "तू डोकं बरूबर सांगितलंस. आता वरचं सांग. माझ्या बाजूचं. त्यात काय हाय ते खरं सांग."

खोटं बोलावं असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. पण जी बाई म्हशीच्या मालकिणीला तोंडावर सांगते, तिनं इथं गुळमुळीत बोलायचं? आणि आत्याशी? चाचांनी कोमट तेलाच्या बोळ्यानं वरचा भंडारा हळूहळू सोडवला. मी भिंग धरलं आणि दिसलं तेवढंच सांगितलं.

"आत्या, घोड्यावर जो आहे, तो पडतोय. घोड्याचे गुडघे मोडलेत. तो मागं वळून हात वर करतोय, मारू नको म्हणून. त्याला भाला मारणारा पायी उभा आहे." मी भिंग जरा सरकवलं. "घोड्यावरचा जिंकणारा नाही. हरणारा आहे."

चेअरमन जमिनीकडं बघायला लागले. चाचांनी उगाच निखारे हलवले. आत्यानं भिंग मागितलं. ते कसं धरायचं हे मी तिला दाखवलं, आणि तिनं इतका वेळ बघितलं की मला तिथं उभं राहवेना. आयुष्यभर ती रोज सकाळी त्या घोडेस्वाराला भंडारा लावत आली होती.

मग तिनं भिंग खाली घेतलं.

"मंग बरूबरच हाय की," ती म्हणाली.

"काय बरोबर आहे?"

"आगं, घोडा आदी कुणाचा व्हता? मणी दैत्याचा! देवानं मणीला पाडलं. मरताना त्यो शरण आला, हात वर केला आन् आपला घोडा देवाला दिला. तवापासून देव घोड्यावर बसतो. हे त्याच्या आदीचं हाय. ह्यो मणी पडतोय, ह्यो हात वर करतोय, आन् ह्यो पायी उभा हाय त्यो माझा मल्हारी." तिनं लेकाकडं वळून बघितलं आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. "घोडा मिळायच्या आदीचा खंडोबा हाय हा, चेअरमन. तुमच्या सोनाराला येतो का घडवता?"

चाचा पहिल्यांदा हसले. मग मी. मग चेअरमनही, रुमालानं तोंड पुसत. आत्या मात्र हसली नाही. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही.

चाचांनी मला मेणात दोन्ही बाजूंचे ठसे घेऊन दिले. बैठकीवर पुन्हा लाख लावली नाही, मेणाचे तीन ठिपके लावले, म्हणजे कधीही उचलता येईल. राजा खाली आणि देव वर, यावर कुणाचीच हरकत नव्हती. परतीच्या जीपमध्ये मी आत्याला सांगितलं की घोडेस्वाराभोवती लिहिलंय, चांगला काळ परत आला. तिनं बाहेर करपलेल्या रानाकडं बघितलं आणि म्हणाली, "आला म्हनतंय ना? मंग यील."

ठशांची काडेपेटी मी शहरातल्या अभ्यासकांना पाठवली. सोबत एकच ओळ लिहिली: पुस्तकातलं चित्र सोबत पाठवत आहे. महिन्यानं त्यांचं उत्तर आलं. चार पानांचं होतं, आणि पहिल्याच ओळीत त्यांनी माफी मागितली होती. ते पत्र मी मुद्दाम सेवा सोसायटीच्या ऑफिसात नेऊन दिलं आणि चेअरमनकडून चावडीवर मोठ्यानं वाचून घेतलं. त्यांनी ते नंतर निदान आठवडाभर चघळलं, पण या वेळी माझ्या बाजूनं.

खरा निकाल मात्र पत्र यायच्या आधीच लागला होता, लग्नाच्या सकाळी. देव सोनाराकडून उजळून आले होते. पाटावर सगळे लखलखत होते, आणि मधोमध एकटा काळा खंडोबा. पाव्हण्यांपैकी कुणीतरी विचारलं, हा उजळायचा राहिला का, आणि चेअरमननं छाती काढून सांगितलं की हा उजळायचा नसतो. आत्यानं भंडारा घेतला. तिचं बोट सवयीनं घोड्याकडं गेलं, थांबलं, आणि नखाएवढं डावीकडं सरकलं. मग तिनं वऱ्हाडाच्या गर्दीतून मला हाक मारली. भिंग माझ्या कनवटीला होतंच.

"बघ गं," ती म्हणाली. "जागेवर लागला का?"

मी खाली बसले, डोळा लावला आणि नळीतली फॅट वाचावी तसं नीट वाचलं. पायी उभा असलेला माणूस पिवळाधमक झाला होता आणि घोडेस्वार कोरडा होता.

"लागला, आत्या," मी म्हणाले. "बरोबर जागेवर लागला."